सुईचे तीन दिवस

२२ नोव्हेंबर, शनिवार

विजेचं बिल शोधत होतो. ते सापडलं नाही. कॅलेंडरच्या मागे, त्याच खिळ्याला टोचून ठेवलेला कणकवलीच्या डॉक्टरचा कागद सापडला. वर नाव नर्मदा, वय ५८. खाली डॉक्टर लोकांचं नेहमीचं गिचमीड, आणि मधोमध चार ठळक इंग्रजी अक्षरं, खाली दोन रेघा ओढलेली. एफ, एन, ए, सी. तारीख १४ नोव्हेंबर. म्हणजे आठ दिवस ही बाई हा कागद लपवून माझ्या पानात शांतपणे भात वाढते आहे.

कागद घेऊन तसाच मागच्या पडवीत गेलो. ती कोकमाची सोलं उन्हात घालत होती.

"ह्या काय?"

तिने हात पुसले, पदर बाजूला केला. गळ्याच्या खाली उजव्या अंगाला सुपारीएवढी गाठ. मी रोज तिच्यासमोर बसून जेवतो आणि मला ही दिसली नव्हती.

"गाठ आसा. कसली ती अजून कोणाकच म्हायत नाय. सुई लावून बघतले."

"सुई बी काय एक लावूची नाय," मी म्हटलं. आणि तिथून उठून आलो. 

एफएनएसी. रोगाचं नावच असलं भयंकर. माझ्या नर्मदाला एफएनएसी झालाय. लिहून बघितलं, तरी खरं वाटत नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

चार वर्षांनी देवाने गावपळणीचा कौल दिला. देवळात मुंगी शिरायला जागा नव्हती. ९ डिसेंबरला दुपारी सगळा गाव वेशीबाहेर. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळं. तीन दिवस, तीन रात्री गावात चूल पेटणार नाही, दिवा लागणार नाही, पाऊल पडणार नाही. मग पुन्हा कौल, आणि परत. गावाच्या वतीने देवाला साकडं, म्हणजे गाऱ्हाणं, मी घातलं. आमच्या घराण्याचा मान आहे तो. आवाज नीट लागला. पण "बाया-माणसांची राखण कर रे म्हाराजा" हे म्हटलं आणि पुढचे शब्दच विसरलो. लोकांनी "व्हय म्हाराजा" जोरात म्हटलं म्हणून निभावलं.

घरी आलो तर नर्मदा फोनवर नम्रताशी बोलत होती. लेक जामसंड्याला दिलेली, रोज फोन असतोच. "नवाक दुपारी निघूचा. मगे तू दहाचीच घे गो," असं काहीतरी. राहुटीसाठी ताडपत्री वगैरे असणार. बायकांना तयारीची कसली घाई.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

भांडण झालं. स्पष्ट लिहितो, कारण ही डायरी माझ्याशिवाय कोणी वाचत नाही. एसटीत तेहतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होतो, लिहिल्याशिवाय दिवस संपला असं वाटत नाही. जुन्या सगळ्या डायऱ्या माळ्यावरच्या ट्रंकेत आहेत. नर्मदा म्हणते, "त्येंका वाळवी पण खायना."

मी तिला आईची आठवण करून दिली. आईला काखेत गाठ आली होती. तिला सुई लावली आणि तीन महिन्यांत आई गेली. चांगली चालती-फिरती, तुळशीला पाणी घालणारी बाई. सुई लागली आणि गाठ चवताळली. हे मी डोळ्यांनी बघितलंय, कोणाचं ऐकून सांगत नाही.

नर्मदा माझ्या आईला आत्ये म्हणायची. म्हणाली, "आत्येची गाठ माका म्हायत आसा. सुयेच्या आधी दोन शिमगे गेले."

"दोन? काय्येक बोला नको. लगेच नेलंय मी तिका."

ती कांदा चिरत राहिली. हिला काय आठवतं! त्या वर्षी आमचा मुलगा दीपेश दहावीला होता, हिचं सगळं लक्ष तिकडे. आणि ज्या माणसाने उभ्या आयुष्यात एक गाडी वेळेबाहेर सुटू दिली नाही, तो स्वतःच्या आईला उशीर करील का? सात मिनिटं उशीर झाला तरी मी नोंदवहीत लाल शाईने लिहायचो. ड्रायव्हर मला मागून 'लाल्या' म्हणायचे, माहीत आहे मला.

संध्याकाळी नम्रताचा फोन. "बाबा, ऐकून तरी घेवा, ता एफएनएसी म्हणजे..." मी म्हटलं, मला काही ऐकायचं नाही. फोन ठेवला. रोगाचं वर्णन ऐकून काय करू?

३० नोव्हेंबर, रविवार

आज सकाळी भाईला गाठलं. भाई माझा चुलतभाऊ, देवाला कौल लावण्याचं काम त्याच्याकडे. कोणाला न सांगता घरचा कौल लाव म्हटलं. त्याने पाषाणाला ओल्या कळ्या लावल्या आणि विचारलं, "काय विचारू?"

मी म्हटलं, "हिका एफएनएसी झालो हा. तो बरो होतलो काय, तेवढाच विचार."

भाईला तीनदा सांगावं लागलं, त्याची जीभ वळेना. शेवटी त्याने देवाला ते सगळं नीट सांगितलं. आम्ही दोघे टक लावून बसलो. बारा मिनिटं. मग उजवी, होकाराची कळी पडली.

उजवी! मला रडू आलं. भाईने पाठीवर हात ठेवला. आता सुई नाही, काही नाही. देवानेच सांगितलं, बरा होणार.

३ डिसेंबर, बुधवार

नर्मदाला कौलाचं सांगितलं. वाटलं होतं, हात जोडील. ती माझ्याकडे बघतच राहिली, मग हसायला लागली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली.

"देवान सांगलान ना बरा होतला? मगे सुयेक भियाचा कशाक? मी दहाक ओरोसाक जातंय. तारीख घेतली हा."

"दहाक? गावपळणीत? डोक्या फिरला काय तुजा?"

"गाव सोडूकच होयो ना तीन दिस? ओरोस काय वेशीच्या आत आसा?"

  मी म्हटलं, मी येणार नाही. ती म्हणाली, "तुमका कोणी बोलवल्यान?"

बघा म्हणजे योगायोग कसा. ओरोसच्या जिल्हा दवाखान्याने नेमकी दहाच तारीख द्यावी! एरवी तिला गुरं, कोंबड्या, चूल सोडून जाता आलं नसतं. देवाच्या मनात काय असतं, कळत नाही. पण मी येणार नाही म्हणजे नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

दुपारी अडीचला निघालो. मी दाराला कडी घातली तेव्हा अंगणात एकही कोंबडी नव्हती, आणि त्या शांततेची मला भीती वाटली. वेशीपलीकडे माळावर राहुट्या. माडाच्या झावळ्या, ताडपत्री, तीन दगडांची चूल. पोरं खूश, शाळा बंद. एकाची म्हैस परत पळत होती गावाकडे, चौघांनी धरली.

वेशीवर मी गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, आज तुजी सगळी लेकरां घरादाराक कडी घालून भायर पडली, त्येंचा मागचा-फुडचा तू सांभाळ रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" शेकडो गळे. नर्मदा बायकांत उभी होती. तिने पदर गळ्याभोवती घट्ट घेतला होता. तिचा आवाज मला वेगळा ऐकू आला, किंवा तसं वाटलं.

१० डिसेंबर, बुधवार. सकाळी ७

सहा चाळीसच्या गाडीने गेली. गाडी चार मिनिटं उशिरा आली. कणकवलीला नम्रता भेटणार आहे. जाताना माझ्यासाठी भाकरी आणि सुकटीची चटणी झाकून ठेवून गेली. मी तोंड फिरवून बसलो होतो.

पावणेआठ. भाकरी परत झाकून ठेवली. आईची काख आठवते, तिथली ती सुईची लहानशी पट्टी.

भाईला सांगितलं, गाऱ्हाण्याचा मान तू सांभाळ. तो म्हणाला, "खंय चल्लंस?" म्हटलं, तिला थांबवायला. आठ दहाची गाडी आहे. थांबवणारच.

१० डिसेंबर, संध्याकाळ

सगळं क्रमाने लिहितो.

कणकवलीला गाडी बदलून ओरोसला अकराला दहा कमी असताना पोचलो. धावत. या वयात. तिसऱ्या दारापाशी नम्रता उभी. मला बघून ती बाजूला झाली, अडवलं नाही. मी आत शिरलो आणि ओरडलो, "थांबा!"

नर्मदा टेबलावर उताणी, खांद्याखाली उशी, गळा वर ताणलेला. एखाद्या लहान मुलीसारखी दिसत होती. तिने मान न हलवता डोळे फिरवले.

"इलास? चपला भायर काढा."

डॉक्टरीणबाई तरुण, डॉ. अनुजा. चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, काय म्हणायचंय ते म्हणा. आम्ही थांबतो."

मी सांगितलं. सुईने गाठ चवताळते. माझी आई तशीच गेली. हिला एफएनएसी झालाय हे मला माहीत आहे, देवाने कौल दिलाय, तो बरा होणार आहे, तुम्ही त्याला डिवचू नका.

त्यांनी एकदा नर्मदाकडे बघितलं, एकदा नम्रताकडे. हसू आलं असेल तर ते त्यांनी गिळलं. मग मला तो कागद दाखवला, चार अक्षरांवर पेन ठेवून.

"काका, हे रोगाचं नाव नाही. हे आज आम्ही जे करणार आहोत त्याचं नाव आहे. एफ म्हणजे फाईन, बारीक. एन म्हणजे नीडल, सुई. ए म्हणजे ॲस्पिरेशन, त्या सुईने आतला थेंबभर भाग ओढून घ्यायचा. आणि सी म्हणजे सायटोलॉजी. त्या थेंबातल्या पेशी काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. बस्स, एवढंच."

"मग रोगाचं नाव कुठाय?"

"ते अजून कुणालाच माहीत नाही. म्हणून तर सुई."

मी उभाच. अठरा दिवस मी या चार अक्षरांना रोग समजून शिव्या घालत होतो. भाईकडून देवाला विचारलं काय, तर तपासणी बरी होईल का! देव तरी बिचारा काय सांगणार? होईल म्हणाला.

"आणि पसरली तर?" मी विचारलं.

"एवढ्या बारीक सुईने गाठ पसरत नाही, काका. न तपासता ठेवली तर पसरू शकते." त्यांनी सुई दाखवली. आमच्या गुरांच्या डॉक्टरची सुई मी बघितलीय, तिच्यापुढे ही म्हणजे केस.

नर्मदा म्हणाली, "तुमचा झाला तर लावू देत काय तेंका? मान दुखता माझी."

मी तिच्या पायांशी जाऊन उभा राहिलो. घोटा धरला. डॉक्टर म्हणाल्या, आता गिळू नका, बोलू नका. चाळीस वर्षांत तिला गप्प बसवणारं हे पहिलं माणूस. सुई गेली, थोडी पुढे-मागे झाली, बाहेर आली. पुन्हा एकदा. काचेवर एक पुसट डाग. घड्याळ बघितलं, सहा मिनिटं. आईच्या वेळी मी बाहेर चहा पीत होतो, आत गेलोच नव्हतो. किती वेळ लागला होता कोण जाणे.

बाहेर बाकावर नम्रताने विचारलं, "बाबा, थांबवूक इलात मा?"

"थांबवलंय ना. सा मिनिटां थांबली ती," मी म्हटलं. माय-लेकी अशा हसल्या की कंपाउंडर बघायला आला. मग मीही हसलो, आणि मग मलाच हुंदका आला.  नर्मदाने पदराने माझं तोंड पुसलं, भर दवाखान्यात.

चारच्या गाडीने राहुटीवर परत. तिच्या गळ्याला छोटी पट्टी. राहुट्यांतल्या बायका जमल्या तर ही सगळ्यांना सांगते, "मुंगी चावल्यासारखा झाला. ह्येंचोच जीव गेल्लो."

१२ डिसेंबर, शुक्रवार

कौल झाला, गाव परत आला. कडी काढली तेव्हा घरात तीन दिवसांचा गार वास. नर्मदाने पहिली चूल पेटवली. रिपोर्ट बुधवारी.

भाईला सगळं सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "माका वाटलाच, नाव जरा इंग्रजी होता."

१७ डिसेंबर, बुधवार

कॅन्सर आहे.

पहिल्यांदा तेवढंच लिहून पेन खाली ठेवलं. आता पुढचं लिहितो. डॉ. अनुजा म्हणाल्या, थायरॉइडचा आहे, पॅपिलरी नावाचा. संथ जातीचा. वेळेवर काढला तर बहुतेक माणसं पूर्ण बरी होतात. ऑपरेशन गोव्याला, त्यांनी फोन करून तारीख घेऊन दिली, २९ डिसेंबर, सकाळी साडेआठ. आवाज काही दिवस बसेल, क्वचित कायमचा बदलतो, तेही सांगितलं. नर्मदाने विचारलं, "वरडूक येतला ना ह्येंच्यार?" त्या म्हणाल्या, बहुतेक येईल.

मग त्यांनी घरची माहिती लिहून घेतली. माझ्या आईचं त्यांच्या कामाचं नव्हतं, ती नर्मदाची सासू. पण मीच काढलं. सुई लावली आणि तीन महिन्यांत गेली.

त्यांनी विचारलं, "गाठ दिसल्यापासून सुई लावेपर्यंत किती दिवस गेले होते?"

मला सांगता आलं नाही. मला! आचरा–कणकवली गाडीचं एकोणीसशे नव्वदचं वेळापत्रक मी झोपेत म्हणून दाखवीन.

नर्मदा खिडकीबाहेर बघत होती. ती 'दोन शिमगे' म्हणाली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

१८ डिसेंबर, गुरुवार

सकाळी शिडी लावून माळ्यावर चढलो. ट्रंक काढली. वाळवी लागलेली नाही, नर्मदाचं खरं आहे.

१७ मार्च २००३. माझंच अक्षर. "आई म्हणते काखेत काहीतरी लागतं. उद्या होळी. शिमगा झाला की बघू."

२० एप्रिल. "उन्हाळी ज्यादा गाड्या. आईचं राहिलं."

२६ ऑगस्ट. "गणपतीच्या गाड्या. रजा नाही. आई म्हणते दुखत नाही. दुखत नाही तर घाई कसली."

९ नोव्हेंबर. "आईसाठी कौल लावला. डावा. थांबावं."

६ मार्च २००४. "शिमगा. आईला पालखी धरायला हात वर करता येईना."

११ मे २००४. "आईला नेलं. सुई लावली."

६ ऑगस्ट. तिथे फक्त "आई" एवढंच लिहिलंय.

मोजले. पहिल्या नोंदीपासून सुईपर्यंत चारशे एकवीस दिवस. दोन शिमगे. पुन्हा मोजले, तेवढेच आले. त्याच पानांवर मालवण गाडी नऊ मिनिटं लेट, लाल शाईने. देवगड गाडी पाच मिनिटं लेट, लाल शाईने. आईच्या नोंदी सगळ्या निळ्या.

सुईने नाही गेली आई. सुई बिचारी शेवटी आली, आणि एकवीस वर्षं मी सगळा दोष तिच्यावर टाकून मोकळा. आई, मी चुकलो गं. मीच चुकलो.

लाल पेन घरात नव्हतं. दुकानातून आणलं. ११ मेच्या ओळीखाली लिहिलं, "४२१ दिवस लेट." आणि खाली सही केली, हुद्द्यासह.

खाली उतरलो तर नर्मदा शिडी धरून उभी होती. कधीपासून, माहीत नाही. म्हणाली, "गावली ती डायरी?" म्हटलं, गावली.  मीच म्हटलं, "दोन शिमगे. तुजा बरोबर होता." ती म्हणाली, "चाय ठेवतंय."

२४ डिसेंबर, बुधवार

दीपेश मुंबईहून आला. तो म्हणतो, जानेवारीत हापूसची फवारणी उरकू, मग ऑपरेशन, घरात माणूसबळ राहील, डॉक्टरही म्हणतात संथ आहे. मी एवढा ओरडलो की शेजारची कुत्री भुंकली. कलमं गेली खड्ड्यात. २९ म्हणजे २९. साडेआठ म्हणजे साडेआठ. पोरगा हबकला. नर्मदा आतून म्हणाली, "लाल्या इलो रे परत."

गावपळणीत दहा तारीख मिळाली नसती तर ही गेलीच नसती, असं मी नम्रताला फोनवर म्हटलं. देवाची योजना. ती खाकरली. मग म्हणाली, "व्हय बाबा, देवाचीच." आवाज जरा विचित्र लागला. सर्दी झाली असेल.

२९ डिसेंबर, सोमवार. गोवा

काल दुपारीच येऊन राहिलो. सकाळी सहाला दवाखान्यात हजर. अडीच तास आधी. रखवालदार म्हणाला, काका, बसा. बसलो नाही.

आठ वीसला तिला ढकलगाडीवरून आणलं. अंगात हिरवा झगा, मंगळसूत्र माझ्या खिशात. दाराशी त्यांनी गाडी थांबवली, काहीतरी कागद तपासत होते. नर्मदा म्हणाली, "सगळ्या गावासाठी घालतास, आज माझ्यासाठी घाला."

मी जन्मात कधी एकट्याने गाऱ्हाणं घातलेलं नाही. समोर देऊळ नाही, माणसं नाहीत, पांढऱ्या फरशीवर आम्ही आणि दीपेश, नम्रता. पोरांची तोंडं बंद, दोघेही रडत होते. मी हात जोडले. 

"बा देवा म्हाराजा. माका प्रश्न विचारूक येना, ता तू बघलंसच. आईच्या वेळेक मी चुकलंय, ता माझ्या पदरात घाल, हिच्या नको. आज ही वेळेवर इली हा. हिका वेळेवर भायर घेवन ये रे म्हाराजा."

 मग गाडीवरून, त्याच गळ्यातून, खणखणीत आवाज आला.

"व्हय म्हाराजा!"

नर्स दचकली. आठ तीसला दार बंद झालं. एक मिनिट इकडे नाही, तिकडे नाही.

आता दहा वाजून पाच. बाकावर बसून लिहितोय, लाल पेन खिशात आहे. अजून लागलेलं नाही.